‘करून टाका’ म्हणायच्या आधी: घर बांधताना कॉन्ट्रॅक्टरने अचानक एक्स्ट्रा सांगितलं तर काय काय करायचं

सकाळी साइटवर गेलात, खड्ड्याच्या कडेला उभे आहात, खाली चार माणसं फावडी टेकवून थांबलीत, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो "साहेब, इथे पक्कं लागत नाहीये, अजून दोन फूट खाली जावं लागेल, थोडं एक्स्ट्रा होईल." तुम्ही खड्ड्यात डोकावता, मातीसारखी माती दिसते, बाकी काही कळत नाही, माणसं बसून आहेत म्हणजे कोणाचीतरी मजुरी वाया चाललीये एवढं मात्र कळतं, आणि तोंडातून निघून जातं, "बरं, करून टाका."

झालं. ह्या "करून टाका"चं बिल दोन-तीन महिन्यांनी येतं आणि तेव्हा खड्डा बुजलेला असतो, वर प्लिंथ म्हणजे जोतं झालेलं असतं, आणि तुम्ही काही विचारलंत की उत्तर तयार, "तुम्हीच म्हणालात ना." आणि तो खोटं बोलत नसतो, तुम्ही खरंच म्हणालेले असता.

आमच्या घराच्या वेळी असे एकूण १७ एक्स्ट्रा आले. पहिल्या पाचांत मी सपशेल गंडलो, नंतर एक पद्धत बसली. तीच सगळी इथे लिहितोय, थोडं लांबेल.

पायरी १: साइटवर उभ्या उभ्या हो म्हणायचं नाही (नाही पण म्हणायचं नाही)

एक वाक्य पाठ करून ठेवा: "मला लिहून पाठवा, उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो." बस. "बघू", "ठीके", "चालेल", "काय ते बघून घ्या" ह्यातला एकही शब्द वापरायचा नाही, कारण साइटवर ह्या सगळ्यांचा अर्थ होकार असाच घेतला जातो. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे वडील सकाळी फिरायला म्हणून साइटवर जायचे आणि सुपरवायझर त्यांना विचारायचा, "बाबा, इथे एक कोनाडा काढू का, छान दिसेल", ते म्हणायचे "काढ की". असे तीन कोनाडे झाले. शेवटी कॉन्ट्रॅक्टरला लेखी कळवलं की बदलाला मंजुरी फक्त मी देणार, दुसऱ्या कोणाचंही तोंडी सांगणं धरायचं नाही. वडील दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी, पण कोनाडे थांबले.

अपवाद एकच, जिथे थांबणं धोक्याचं आहे. खड्ड्याची कड ढासळतीये, पाणी भरतंय, शेजारच्या भिंतीला तडा दिसतोय, अशा वेळी सुरक्षेपुरतं काम तिथेच करायला सांगा, पण तेवढंच, आणि लगेच मेसेज टाका की "अमुक काम धोका टाळण्यासाठी आत्ता करायला सांगितलं आहे, मापं दोघांनी मिळून घेऊ, रेट नंतर ठरवू." काम चालू होतं आणि आकडा मोकळा राहतो.

पायरी २: हा एक्स्ट्रा नेमका कुठून आला ते ओळखा

पैसे कोणी द्यायचे हे ह्यावरच ठरतं, म्हणून घाई करू नका.

तुम्हीच बदल सांगितला असेल, खिडकी मोठी करा, बाथरूमचं दार इकडून काढा, तर तो तुमचा खर्च, त्यात वाद नाही. फक्त किती, एवढाच प्रश्न.

जमिनीखालून काहीतरी निघालं, खडक, जुनी विहीर, भराव टाकलेली माती, पाणी. करारात ह्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. लमसम करार (सगळ्या कामाची एकच ठरलेली रक्कम) असेल आणि "खोदकाम कुठल्याही थरात, सर्व मिळून" असं लिहिलं असेल तर जोखीम त्याने घेतलेली आहे. आयटम रेट (प्रत्येक कामाचा वेगळा दर, मापाप्रमाणे पैसे) असेल तर जेवढं खोदलं तेवढे पैसे द्यावे लागतात. करारात काहीच नसेल तर बहुतेक वेळा हा खर्च मालकावर येतो, आणि प्रामाणिकपणे बघितलं तर ते चूकही नाही, जमीन तुमची आहे.

ड्रॉइंगमध्येच घोळ. आर्किटेक्टच्या नकाशात कॉलम एका जागी, स्ट्रक्चरल इंजिनियरच्या नकाशात नऊ इंच सरकलेला. इथे कॉन्ट्रॅक्टरशी भांडून उपयोग नाही, दोन्ही डिझायनरना एकत्र बसवा. पण त्याला हे काम सुरू करण्याआधी दिसायला हवं होतं का, हेही विचारा.

त्याची स्वतःची चूक. लेव्हल चुकली, दाराची उंची कमी आली, प्लास्टर करून मग पाइप आठवला. तोडणं आणि परत करणं हा एक्स्ट्रा नसतो, तो त्याचा खर्च. ही गोष्ट फार गोड भाषेत येते, "आता हे जरा मॉडिफाय करावं लागेल" वगैरे.

आणि पाचवा प्रकार, सगळ्यात चिवट: काम मुळात करारात आहेच, पण त्याचा अंदाज चुकला. वॉटरप्रूफिंग धरलं होतं, पण "ह्या केमिकलचं नव्हतं धरलं". अशा वेळी फक्त करारातली ओळ दाखवायची, आवाज चढवायचा नाही.

पायरी ३: करार, बीओक्यू आणि ड्रॉइंग समोर घेऊन बसा

बीओक्यू म्हणजे कामांची आयटमवार यादी, प्रत्येकासमोर क्वांटिटी आणि रेट. तो आयटम तिथे आहे का बघा, वर्णनात काय काय सामावलंय ते शब्द न शब्द वाचा. "सेंट्रिंगसह" (काँक्रीट ओतायच्या साच्यासह), "क्युरिंगसह" (नंतर पाणी मारण्यासह), "सर्व उंचीवर" असे शब्द बारीक अक्षरात असतात आणि अर्धे एक्स्ट्रा तिथेच संपतात. ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर बघा, आर १, आर २. करार आर १ वर झाला आणि बांधकाम आर ३ वर चाललंय असं असेल तर त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं.

पायरी ४: "लमसम इतके" घ्यायचं नाही, फोड मागा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा आकड्यांत जातो, कंटाळू नका.

आमच्या फाउंडेशनच्या एक्स्ट्राची चिठ्ठी आली त्यावर एकच ओळ होती, "फाउंडेशन २ फूट जास्त, लमसम", आणि पुढे रक्कम. मी स्ट्रक्चरल इंजिनियरला फोन केला, तो म्हणाला एक कागद घे आणि लिही.

फुटिंग (कॉलमखालचा पायाचा काँक्रीटचा ठोकळा) १२. प्रत्येक ५ फूट बाय ५ फूट. खोली २ फुटांनी वाढली. म्हणजे जास्तीचं खोदकाम १२ × ५ × ५ × २ = ६०० घनफूट. कॉन्ट्रॅक्टरचं गणित ७५० घनफूट, का तर त्याने ट्रॉलीत भरलेली माती मोजली. माती खोदली की फुगते, वीस-पंचवीस टक्के सहज, म्हणून खोदकाम नेहमी खड्ड्यात मोजायचं, ट्रॉलीत नाही. (त्याला खड्डा रुंद करावा लागला असेल, आत उभं राहून काम करायला, तर ती जागा मोजायची की नाही हे करारात बघा, नसेल तर बोलून ठरवा. तो मुद्दा खरा असतो.)

पुढे. फुटिंग खाली गेलं म्हणून फुटिंगचं काँक्रीट वाढत नाही, ते तेवढंच राहतं! वाढतो तो फक्त कॉलमचा जमिनीखालचा तुकडा. ९ इंच बाय १८ इंचाचा कॉलम, २ फूट, असे १२, म्हणजे ०.७५ × १.५ × २ × १२ = २७ घनफूट. सळई: कॉलममध्ये १६ एमएमचे ८ बार, जास्तीची लांबी ८ × २ × १२ = १९२ फूट म्हणजे साधारण ५८.५ मीटर. वजन काढायचं सूत्र सोपं आहे, डायमीटरचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. १६ चा वर्ग २५६, भागिले १६२, आलं १.५८. म्हणजे साधारण ९२ किलो. रिंगा धरून सगळं ११५ किलोच्या आसपास. चिठ्ठीच्या मागे त्याने काँक्रीट धरलं होतं अख्ख्या फुटिंगचं, परत एकदा.

आणि माती वाहून नेण्याचं. ६०० घनफूट जास्तीची माती बाहेर काढली, पण त्या जागेत फक्त २७ घनफूट काँक्रीट गेलं, बाकीचा खड्डा परत भरायचाच आहे. तीच माती भरायला चालणारी असेल तर ६०० घनफुटांची वाहतूक कसली? चालणारी नसेल, चिकट फुगणारी माती असेल, तर बाहेरून भराव आणावा लागेल आणि मग ती ओळ खरी.

हा कागद घेऊन बसलो तर अर्ध्या तासात आकडा जवळपास निम्म्यावर आला, भांडण न होता. त्यालाही नवल वाटलं नाही फारसं, ह्यावरून काय ते समजा.

तर फोडीत मागायचं काय: कामाचं वर्णन, माप, रेट आणि रेट कुठून आला, मटेरियल-मजुरी-मशिन वेगवेगळं, त्याचा ओव्हरहेड-प्रॉफिट किती टक्के, किती दिवस वाढणार. आणि वजाबाकी.

वजाबाकीवर दोन शब्द जास्त

एक्स्ट्रा सगळे लक्षात ठेवतात, वजा कोणी करत नाही. खिडकी ४×४ ची ६×४ केली, बिलात ८ चौरस फूट जास्तीची खिडकी, २ फूट जास्तीचं लिंटेल (खिडकीवरची काँक्रीटची पट्टी), ग्रिल, उंबऱ्याचा दगड, सगळं येईल. पण ८ चौरस फूट भिंत बांधायची वाचली, आतून-बाहेरून मिळून १६ चौरस फूट प्लास्टर आणि रंग वाचला, तो कुठे गेला? (छोट्या ओपनिंगसाठी वजाबाकी न करण्याची मोजणीची पद्धत काही करारांत असते, ते एकदा तपासा.) टाइल्सचं पण तसंच. करारात "टाइल अमुक किमतीपर्यंत" असं धरलेलं असतं, तुम्ही महाग टाइल निवडली, तर जास्तीचा पैसा फक्त फरकाचा. काही जण नवीन टाइलची पूर्ण किंमत लावतात आणि वर त्या पूर्ण किमतीवर टक्के. मात्र मोठ्या आकाराची टाइल असेल तर लावायची मजुरी खरंच वाढते, दोन माणसं लागतात, ॲडहेसिव्ह लागतं, तिथे ओढाताण करू नका.

पायरी ५: रेट आणि दिवस तपासा

रेटचा क्रम असा धरा. आयटम बीओक्यूत असेल तर तोच रेट. मिळताजुळता असेल तर त्यावरून काढलेला. काहीच नसेल तर मटेरियलचं खरं बिल, अधिक मजुरी, अधिक ठरलेले टक्के. हे टक्के काम सुरू व्हायच्या आधीच करारात लिहून घेतले तर सोन्याहून पिवळं. आणि टक्के दोनदा लागलेत का बघा, प्लंबरने स्वतःचा नफा धरून रेट दिला, त्यावर कॉन्ट्रॅक्टरने आपला पूर्ण नफा परत लावला. थोडं त्याचं बनतंच, समन्वय तो करतो, पण पूर्ण नाही.

क्वांटिटी खूप बदलली तर "रेट पण बदला" अशी मागणी येते. मोठ्या प्रोजेक्टसाठी फिडिकचा (इंजिनियरांची आंतरराष्ट्रीय संघटना) जो नमुना करार वापरतात, १९९९ चं रेड बुक, त्यात आयटमची क्वांटिटी १० टक्क्यांहून जास्त बदलली आणि बाकीच्या अटी जुळल्या तरच नवा रेट बसतो. घरगुती कामाला तेवढी कलमं लागत नाहीत पण १० टक्क्यांची रेघ आखायला सोयीची आहे. त्याच करारात क्लेमची नोटीस कारण कळल्यापासून २८ दिवसांत दिली नाही तर क्लेमच बाद होतो. घराला २८ दिवस फार झाले, मी ३ दिवस लिहून घेतले होते, "कारण कळल्यापासून ३ दिवसांत लेखी कळवलं नाही तर एक्स्ट्रा धरणार नाही."

दिवसांचं: दहा दिवस जास्त लागतील म्हणाला तर एवढंच विचारा, ह्यामुळे पुढचं कुठलं काम अडतंय? स्लॅबच्या आधीचं काम असेल तर अडतं. कंपाउंडच्या भिंतीत बदल असेल तर घराची तारीख कशाला सरकेल.

पायरी ६: ठरवा

मान्य करा, घासाघीस करा, दुसरा मार्ग शोधा, किंवा पुढे ढकला. तिसऱ्याकडे लोक बघतच नाहीत. खोल जायच्या ऐवजी खाली साधं काँक्रीट भरून लेव्हल आणता येईल का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारायला काय जातं? उत्तर नाही आलं तर नाही. पण एक लक्षात ठेवा, पाया, कॉलम, बीम, स्लॅब ह्यात पैसे वाचवायचा निर्णय तुम्ही किंवा कॉन्ट्रॅक्टरने घ्यायचा नसतो, इंजिनियरच्या सहीशिवाय काही नाही, मग ते कितीही सोपं वाटो.

पुढे ढकलायचं तर सोय आत्ता करून ठेवा. एसी नंतर घ्यायचा असेल तर रिकामा पाइप आणि पाण्याचा ड्रेन आत्ता टाका, सोलर नंतर असेल तर गच्चीपर्यंत कंड्युट (वायरीचा पाइप) न्या. ह्याचा खर्च किरकोळ असतो, नंतर भिंत फोडायचा नसतो.

पायरी ७: एक पानाचा कागद, सही, मग काम

वकिली भाषा लागत नाही. मी वापरलेला नमुना असा होता:

"बदल क्र. ६. तारीख. ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन. काय बदललं. का बदललं, कोणी सुचवलं. जास्तीच्या कामाची मापं, रेट, रक्कम. कमी झालेल्या कामाची मापं, रेट, रक्कम. निव्वळ फरक. मूळ कराराची रक्कम. आधीच्या बदलांची बेरीज. आता नवी एकूण रक्कम. दिवस किती वाढले, नवी तारीख. पैसे कधी. बाकी सर्व अटी मूळ कराराप्रमाणे. दोघांच्या सह्या."

"नवी एकूण रक्कम" ही ओळ गाळू नका. प्रत्येक बदल एकेकटा छोटाच वाटतो, एकूण आकडा समोर आला की माणूस आपोआप शुद्धीवर येतो. मी कोनाड्यांनंतर लायब्ररीची भिंत करणार होतो, ही ओळ वाचून राहू दिली.

कागद रोज शक्य नसेल तर व्हॉट्सॲपवर तरी: "आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे बदल क्र. ६, इतकं माप, इतका रेट, इतके दिवस. बरोबर असेल तर ‘मान्य’ लिहा." त्याने ‘मान्य’ लिहिल्याशिवाय काम नाही. अंगठ्याचा इमोजी पुरेसा धरू नका, नंतर म्हणतात वाचलं एवढंच म्हटलं होतं. आणि चॅट महिन्याला एक्सपोर्ट करून ठेवा, फोन पाण्यात पडतो.

कॉन्ट्रॅक्टर सुरुवातीला वैतागतो, "विश्वास नाही का साहेब?" त्याला सांगा की हा कागद तुझे पैसे पण वाचवतो, कारण मी सही केलेलं नंतर नाकारू शकत नाही. आमचा कॉन्ट्रॅक्टर सातव्या-आठव्या बदलापासून स्वतःच कोरा नमुना खिशात घेऊन यायचा.

पायरी ८: झाकायच्या आधी मोजा

खड्डा भरायच्या आधी, काँक्रीट ओतायच्या आधी, प्लास्टर चढायच्या आधी. टेप लावून फोटो, टेपवरचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी एखादी ओळखू येणारी गोष्ट असावी, नाहीतर हा कुठला खड्डा हे तुम्हालाच महिन्याने कळणार नाही. मापं वहीत, दोघांच्या सह्या तिथल्या तिथे. इलेक्ट्रिकसाठी भिंतीत चर मारायच्या आधी इलेक्ट्रिशियनला घेऊन खडूने प्रत्येक पॉइंट मार्क करा, खोलीनुसार मोजा, फोटो काढा. आमच्याकडे हे न केल्यामुळे १४ पॉइंटचा वाद झाला आणि खरं सांगायचं तर त्यातले ९ आमचेच निघाले.

रोजंदारीवर काम दिलं असेल तर त्याच संध्याकाळी किती माणसं, किती तास, ह्या चिठ्ठीवर सही. आठवड्याची एकदम करू म्हटलं की माणसं वाढतात.

पैसे आगाऊ नाही. काम झाल्यावर रनिंग बिलात (काम चालू असताना वेळोवेळी येणारं बिल) वेगळ्या शीर्षकाखाली, आणि मूळ बिलातून जसे रिटेन्शनचे (शेवटपर्यंत राखून ठेवायच्या पैशाचे) टक्के कापता तसे ह्यातूनही. महागडं मटेरियल खास मागवायचं असेल तर तेवढ्याचे आधी द्या, बिल बघून.

पायरी ९: रजिस्टर आणि राखीव पैसा

एक साधी शीट: क्रमांक, तारीख, काय, मागितले किती, ठरले किती, दिवस, दिले किती. दर रविवारी पाच मिनिटं. राखीव म्हणून कराराच्या १० टक्के बाजूला ठेवा असं बहुतेक जण सांगतात, माझ्या मते जमिनीची नीट तपासणी झाली नसेल किंवा ड्रॉइंग अर्धवट असतील तर १५. पायाचं काम संपेपर्यंत त्याला तुमच्या हौशीसाठी हात लावायचा नाही, जमिनीखालचे धक्के तिथेच येतात. आणि घर कर्जावर असेल तर हे लक्षात घ्या की मंजूर रक्कम तुमच्या एक्स्ट्राबरोबर आपोआप वाढत नाही, वाढवून हवी असेल तर नवी रक्कम लिहिलेले हे कागदच दाखवावे लागतात.

पटलंच नाही तर

काम बंद करायची धमकी आली की लोक दोनपैकी एक करतात, घाबरून सगळं देतात किंवा चिडून सगळंच अडवतात. दोन्ही नको. ज्या कामाबद्दल वाद नाही त्याचे पैसे वेळेवर द्या, अगदी त्याच दिवशी, म्हणजे "पैसे अडवले" हे कारण उरत नाही. वादाची रक्कम वेगळी लिहा, "ह्यावर सहमती नाही, मापं अशी, आमचं म्हणणं असं". मग दोघांना चालेल असा एखादा तिसरा इंजिनियर मोजणीला बोलवा, त्याची फी निम्मी-निम्मी. माप ठरलं की बाकी वाद बराचसा आपोआप बसतो, कारण बहुतेक भांडण रेटचं वाटतं पण असतं मापाचं. तोडगा निघाला की लगेच बदलाचा कागद करा, तोंडी समेटावर उठू नका.

शेवटचं बिल

फायनल बिल आलं की आधी रक्कम बघूच नका. सह्या झालेले कागद क्रमाने लावा, १ ते १७, आणि बिलातल्या एक्स्ट्राच्या प्रत्येक ओळीसमोर कागदाचा नंबर लिहा. ज्या ओळीला नंबर मिळत नाही तिच्यासमोर प्रश्नचिन्ह. मग उलटं करा, ज्या कागदांत वजाबाकी होती त्या सगळ्या बिलात आल्यात का बघा, माझ्या बिलात दोन राहिल्या होत्या. प्रश्नचिन्हांची यादी मेसेज करा, तीन दिवस द्या, आणि उत्तर आलं की टेप घेऊन साइटवर भेटा.